गच्चीवरची तंबाखू: दुसरा हंगाम, फेब्रुवारीअखेर

मंडळी, मागल्या हंगामात बंबाखू या बांडगुळी तणानं माझ्या कुंड्या साफ केल्या, आठवत असेल. चूक माझीच. चरोतरातल्या (आणंद-खेड्याकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातल्या) एका शेतातली पोतंभर माती वडोदऱ्याला आणली आणि तिच्यातच त्याचं बी. हा पठ्ठ्या स्वतः हिरवा नसतो, तंबाखूच्या मुळाला चिकटून आयतं पितो. शेजारचे गुजराती काका त्याला वाकुंबा म्हणतात, तेही तोंड वाकडं करून. यंदा नवी माती, शेणखत, आणि बंबाखूचा एकही कोंब नाही.

तंबाखूचं बी म्हणजे नुसती पूड, एका ग्रॅममध्ये १०,०००च्या वर दाणे. वाळूत कालवून भुरभुरवलं, वर माती लोटली नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. विडीच्या तंबाखूची (आणंद ११९ हे वाण) ४ रोपं धरली, कलकत्तीची २. कलकत्ती म्हणजे रस्टिका, जातच वेगळी. पान जाड, गोलसर, देठाचं, फूल पिवळट. विडीवालीचं पान लांब, थेट खोडाला बसलेलं, फूल गुलाबी.

नोव्हेंबरात विडीवालीच्या ३ रोपांचे शेंडे खुडले, चौथं बियांसाठी सोडलं. निकोटीन मुळांत तयार होऊन पानांत चढतं, आणि शेंडा गेला की मुळं आणखी जोरात कामाला लागतात. त्यानंतर दर रविवारी बगलेतले फुटवे काढणं आलंच.

डिसेंबरात एकदा पहाटे, दव असताना, उघड्या हातांनी फुटवे काढले. तासाभरात मळमळ, घाम, डोकं गरगर. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून आत जातं हे वाचलं होतं, पटलं तेव्हा. आईची खात्रीच झाली की मी चोरून खाल्ली. बोटांवरचा चीक काळा पडला, साबणाला दाद देईना. खोबरेल चोळून निघाला.

उत्तरायणला एका कलकत्तीचा शेंडा मांज्यानं खुडला. पोरांना काय बोलणार!

पानांवर तपकिरी चट्टे आले, दुमडली की कटकन मोडू लागली, तेव्हा विडीवालीची शेंडा खुडलेली ३ रोपं कापून फरशीवर उन्हात वाळवली. घरच्यांनी हुंगलं आणि विचारलं, वास कुठाय? अहो, तो वास पानाचा नसतोच फारसा. जर्द्यात केवडा, वेलची घालतात. किमाम म्हणजे पानाचा काढा आटवून त्यात मसाला आणि सुगंध. सिगारेटीतली बर्ली तंबाखू सावलीत सावकाश सुकते, तोवर तिची साखर संपते, म्हणून तिला वरून साखर, ज्येष्ठमध, कोको पाजतात. व्हर्जिनिया भट्टीच्या उष्णतेत झटपट सुकते, तिची साखर टिकते. आणि मळताना लावलेला चुना चवीपुरता नसतो, तो निकोटीन मोकळं करतो.

मी खात नाही, ओढत नाही. थोडी पानं मावा किडीवर फवारायच्या काढ्याला ठेवली आहेत, पण टोमॅटोवर तो मारणार नाही. तंबाखूच्या मोझॅक रोगाचा विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो आणि टोमॅटोलाही लागतो.

चौथ्या रोपाच्या फुलोऱ्याला कळीतच मलमलची पिशवी बांधली होती, दुसऱ्याचा पराग नको म्हणून. बोंडं आता तपकिरी व्हायला लागलीत.