वाइल्ड कोस्टला विचारलं कुणी?

जून लागला की दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या डर्बनकरांचं लक्ष कामात राहत नाही. 'सार्डिन आली' अशी बातमी फुटायचा अवकाश, माणसं बादल्या, टोपल्या, हाताला लागेल ते घेऊन पाण्यात घुसतात. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीची चुलतबहीण. दक्षिणेच्या थंड पाण्यातून तिचे थवे वर सरकतात, मागे डॉल्फिन आणि शार्क, वरून पक्ष्यांचे सूर. पहिल्या वर्षी किनाऱ्यावर जाळी ओढताना बघून मी थबकलेच. अगदी मालवणची रापण! ओढणारे बरेचसे १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज. माझे मासेवाले अंकलही त्यातलेच. (इथल्या भारतीयांत वडीलधारा माणूस म्हणजे अंकल, मग नातं असो नसो.)

ही तारली ज्या वाइल्ड कोस्टवरून, म्हणजे डर्बनच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरून येते, तिथे २०२१ च्या शेवटी शेल कंपनीने तेल-वायूच्या शोधासाठी 'ॲमेझॉन वॉरियर' नावाचं जहाज आणलं. सहा हजार चौरस किलोमीटरचा पट्टा. जहाजामागच्या एअरगन दर दहा सेकंदांनी दाबलेल्या हवेचा स्फोट करणार, रात्रंदिवस, चार-पाच महिने, आणि तळातून परतणाऱ्या लाटांवरून खालच्या खडकांचा नकाशा निघणार. देवमासे आवाजावर जगतात हे आपल्याला ठाऊक असतं. मला धक्का बसला तो प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं वाचून. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टास्मानियाजवळच्या प्रयोगात एकाच एअरगनमुळे १.२ किलोमीटरपर्यंत मेलेले प्राणीप्लवक वाढलेले आढळले होते. तारली तेच खाते.

ठिकठिकाणी लोक किनाऱ्यावर उतरले. खाणमंत्री ग्वेडे मंटाशे यांनी या विरोधाला 'खास प्रकारचा वर्णभेद आणि वसाहतवाद' म्हटलं. रागच आला, पण त्याच वर्षी वीजकपातीत मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटल्या होत्या, त्यामुळे 'देशाला ऊर्जा हवी' हे म्हणणं अगदीच झटकून टाकता येईना.

३ डिसेंबरला मखांडाच्या उच्च न्यायालयाने हा शोध थांबवण्याचा पहिला अर्ज फेटाळला, पण २८ तारखेला किनाऱ्यावरच्या गावांच्या दुसऱ्या अर्जावर त्याला मनाई दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये शेलचा शोधाचा परवानाच रद्द. निकालातलं मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. नोटिसा निघाल्या होत्या इंग्रजी आणि आफ्रिकान्स वर्तमानपत्रांत, आणि किनारा बोलतो खोसा. चर्चा झाली ती पारंपरिक राजांशी. न्यायालय म्हणालं, राजाशी बोललं म्हणजे रयतेला विचारलं असं लोकशाहीत होत नाही. शिवाय समुद्रात आमचे पूर्वज राहतात, ही गावकऱ्यांची श्रद्धाही त्याने गंभीरपणे घेतली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या घरात वाढल्यामुळे ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

३ जून २०२४ ला अपील न्यायालयाने परवाना बेकायदा होता हे मान्य केलं, पण लोकांना विचारून त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज पुढे नेण्याची वाट उघडी ठेवली. त्याच महिन्यात तारली घ्यायला गेले तेव्हा अंकलना हे सांगितलं.

"म्हणजे जहाज परत येणार?"

"आधी विचारावं लागेल."

"मला विचारतील?" त्यांनी ताटातली मासळी कागदात गुंडाळली, वर चार जास्तीच्या टाकल्या. "वाइल्ड कोस्टला माझं घर नाही ना. माझा मासा तेवढा तिथून येतो."