तुम्ही विचारलंत म्हणून: दुसराच भाग का?

चाच्यांच्या सिनेमांचा विषय निघाला की मी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या दुसऱ्या भागाचं, ‘डेड मॅन्स चेस्ट’चं नाव घेते. मग ठरलेला प्रश्न येतो: पहिला इतका नेटका असताना दुसराच का? त्याला तर धड शेवटसुद्धा नाही. आजवर या प्रश्नाचं उत्तर मी घाईघाईतच दिलंय. आज जरा सविस्तर सांगते.

पहिला भाग 2003 सालचा. डिस्नेलँडमध्ये 1967 साली सुरू झालेल्या एका बोटीच्या सफरीवरून सिनेमा काढलाय म्हटल्यावर फारशी अपेक्षा कोणालाच नव्हती. पण त्यातला चाच्यांचा कप्तान जॅक स्पॅरो सगळ्यांना आवडला. पकडला गेला तरी तो निसटायचा, आणि आपल्याला ते बघून आनंद व्हायचा. दुसरा भाग 2006 च्या जुलैत आला तेव्हा मी त्याच आनंदासाठी थिएटरात गेले होते. आणि सुरुवातीलाच जॅक घाबरलेला दिसला.

त्याच्यावर जुनं कर्ज आहे. त्याचं बुडालेलं जहाज, ब्लॅक पर्ल, डेव्ही जोन्स या समुद्रातल्या शापित कप्तानानं तळातून वर काढून दिलं होतं, तेरा वर्षांच्या बोलीवर. ती वर्षं संपली आहेत आणि वसुलीचा निरोप आलाय. जॅक धावत डेकवर येतो, कुठल्या दिशेला जायचं हे न सांगताच शिडं सोडायला लावतो, फक्त जमीन गाठा म्हणतो. तेवढ्यात त्याची टोपी पाण्यात पडते. खलाशी जहाज वळवायला निघतात, कारण टोपीसाठी जॅक काय करेल हे त्यांना ठाऊक आहे. जॅक म्हणतो, राहू दे. मला तिथंच कळलं की हा सिनेमा वेगळा आहे. पहिल्या भागात ज्या निसटण्यावर आपण टाळ्या वाजवल्या, त्याचा हिशेब इथं मागितला जाणार होता.

वसुलीला येणारा डेव्ही जोन्स हे माझ्या उत्तरातलं सगळ्यात मोठं कारण. दाढीच्या जागी ऑक्टोपसचे वळवळणारे हात, एका हाताच्या ठिकाणी खेकड्याची नांगी. प्रेमाचं दुःख सोसवेना म्हणून त्यानं स्वतःचं काळीज कापून पेटीत बंद केलंय. आपल्या जहाजावर तो एकटा बसून ऑर्गन वाजवतो, दाढीच्याच हातांनी. वाजवता वाजवता डोळ्यांतून पाणी येतं. काळीज काढून टाकलं तरी रडू थांबलेलं नाही. हान्स झिमरनं त्या सुरांना आधी खेळण्यातल्या पेटीसारखं नाजूक ठेवलंय आणि मग सगळं थिएटर थरथरेल इतकं वाढवलंय. मी त्या राक्षसासाठी कळवळले होते.

तो चेहरा रंगरंगोटीचा असेल असं मला वाटलं होतं. नंतर कळलं की तो अख्खा संगणकावर घडवलेला आहे, अगदी डोळ्यांसकट. बिल नाय हा नट अंगात राखाडी पोशाख घालून, तोंडावर ठिपके लावून इतरांसोबत प्रत्यक्ष सेटवर उभा राहिला. त्याला वेगळ्या स्टुडिओत नेऊन एकट्याकडून काम करून घेतलं नाही, आणि माझ्या मते सगळी जादू तिथंच आहे. समोरचा नट त्याच्या नजरेला नजर देतोय. ओठ आवळणं, शब्दाआधीचा तो छोटा फुत्कार, सगळं नायचं आहे. दृश्य-परिणामांचं ऑस्कर 2007 साली याच सिनेमाला मिळालं. त्यानंतर किती संगणकी खलनायक आले, पण मला एकाचाही चेहरा असा लक्षात नाही.

दोष आहेत, ते लपवत नाही. सिनेमा अडीच तासांचा आहे आणि बेटावरच्या नरभक्षकांचा भाग निम्म्यानं कापला असता तरी चाललं असतं. खरं तर तो भाग मला आता बघवत नाही. चित्रीकरण कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर झालं आणि तिथल्या कॅरिब समाजाच्या प्रमुखांनी या चित्रणावर तेव्हाच आक्षेप घेतला होता. ज्या लोकांवरून त्या समुद्राला नाव मिळालं, त्यांच्यावर शतकानुशतकं लादलेली बदनामी पुन्हा हशासाठी वापरली गेली. त्यांची तक्रार रास्त होती.

पण क्राकेन, म्हणजे जोन्सनं जॅकच्या मागावर सोडलेला अजस्र समुद्री प्राणी, मात्र थिएटरातच बघावा. आधी समुद्र गप्प होतो. मग जहाजाच्या दोन्ही अंगांनी ते प्रचंड हात आवाज न करता वर चढू लागतात, आणि पहिल्या भागापासूनचा तरुण नायक विल तोफांपाशी उभ्या खलाशांना सांगत राहतो, थांबा, अजून थांबा. मोठ्या पडद्यावर ते हात वरच्या कडेपर्यंत जातात, मान वर करून बघावं लागतं. आमच्या रांगेत कोणी हललं नाही.

जॅक तोवर होडीत बसून पळालेला असतो. मध्येच तो होकायंत्र उघडतो. ते उत्तर दिशा दाखवत नाही, माणसाला जे सगळ्यात जास्त हवं असतं ते दाखवतं. सिनेमाभर जॅकच्या हातात ते नुसतं गरगरत होतं. आता ते स्थिर आहे, आणि तो वळून जहाजाकडे बघतो. तो परत येतो. विलची होणारी बायको एलिझाबेथ त्याचं चुंबन घेते आणि त्याच क्षणी त्याला डोलकाठीला साखळीनं जखडते, बाकीचे वाचावेत म्हणून. साखळीतून तो सुटतो, पण पळायला जागाच उरलेली नसते. क्राकेन तोंड उघडून गर्जना करतो, जॅक चिकट लाळेनं माखतो, आणि त्या लाळेसोबत त्याची हरवलेली टोपी बाहेर येते. तो ती झटकतो, डोक्यावर घालतो, तलवार उपसतो आणि त्या जबड्यात शिरतो. मला विचाराल तर सिनेमाचा शेवट हाच. सुरुवातीला टोपी सोडून पळालेला माणूस आता टोपी घालून उभा आहे.

त्यानंतर पहिल्या भागात मेलेला खलनायक बार्बोसा जिना उतरून येतो, हिरवं सफरचंद खातो, आणि पडदा काळा होतो. अख्ख्या थिएटरातून एकच आवाज उठला होता. पुढचा भाग आला थेट 2007 च्या मे महिन्यात. दहा महिने आम्ही भावंडं वाद घालत होतो: जॅक जिवंत आहे का, एलिझाबेथ खरं कधी सांगेल.

परवा भाच्याला हा सिनेमा दाखवला. काळा पडदा आल्याबरोबर तो म्हणाला, ‘मावशी, पुढचा लाव ना.’ मी लावला नाही, पुढच्या महिन्यात बघू म्हटलं. तो दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: क्राकेनच्या पोटात ब्लॅक पर्ल अजून अख्खं आहे, आणि जॅक आतूनच तोफा डागणार आहे, अशी त्याची खात्री झाली होती. काल त्यानं त्याचं चित्रही काढून पाठवलं. त्यात जॅकच्या डोक्यावर टोपी आहे.