स्ट्रॉबेरी कुठाय?

पहिल्यांदा व्हाइट झिनफँडेल ही वाईन प्यायलो तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, यात स्ट्रॉबेरीचं सिरप आहे. वास तोच, रंगही तसाच, आणि घोट गिळला की मागे कलिंगडासारखं काहीतरी गोडसर रेंगाळतं. वाईनमधला दर्दी म्हणवणारा माझा मित्र म्हणाला, सिरप-बिरप काही नाही, नुसतं द्राक्ष आहे, आणि तेही काळं. म्हणजे द्राक्ष काळं, नाव व्हाइट आणि बाटलीत गुलाबी, आता बोला!

पण गडी खरं बोलत होता. यीस्ट रसातली साखर खातं तेव्हा नुसतं अल्कोहोल होत नाही, सोबत एस्टर नावाची वासाची द्रव्यंही तयार होतात आणि त्यातली काही स्ट्रॉबेरीतही असतात, त्यामुळे आपलं नाक फसतं. खरोखर फळांचा फ्लेवर घातलेल्या झिनफँडेलही मिळतात म्हणा, लेबलवर ‘नॅचरल फ्लेवर्स’ असं छापलेलं असतं. मला त्या सरबताच्या चुलतबहिणी वाटतात.

रंगाचं कोडं तर चिमटीत सुटतं. झिनफँडेलचा एक मणी दाबा, साल काळीनिळी आणि आतला गर मात्र जवळजवळ बिनरंगी. रंग सगळा सालीत. रेड वाईन करताना रस सालींसकट आंबवतात, इथे काही तासांतच सालींपासून सोडवतात, मग जेवढी लाली चढली तेवढीच, म्हणून अशा गुलाबी वाईनला ब्लश म्हणतात. या द्राक्षाची आणखी एक गंमत म्हणजे घड एकसारखा पिकतच नाही, एकाच घडात काही मणी मनुक्यासारखे सुकलेले आणि शेजारीच एखादा हिरवा.

आता गोडीचं. कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीत सटर होम नावाची वायनरी, म्हणजे वाईनचा कारखाना आहे, तिथले बॉब ट्रिंचेरो कॅलिफोर्नियातल्याच अमाडोर काउंटीतल्या झिनफँडेलची रेड करायचे आणि ती आणखी दाट व्हावी म्हणून थोडा रस आधीच काढून घ्यायचे. त्या काढलेल्या रसाची १९७२ पासून फिकट, कोरडी वाईन करून विकायचे. १९७५ साली हा रस आंबता आंबता मध्येच अडला, साधारण २ टक्के साखर तशीच राहिली. टाकी बाजूला ठेवली, दोनेक आठवड्यांनी चाखून बघितली तर गुलाबी आणि गोड. तीच विकली आणि लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. बिघडलेल्या टाकीचं एवढं नशीब!

जाणकारांनी मात्र नाकं मुरडली ती आजतागायत. गंमत अशी की तेव्हा कॅलिफोर्नियात झिनफँडेलच्या रेडला फारसं कुणी विचारत नव्हतं, तिथल्या लोडी गावाकडचे म्हातारे वेल उपटून दुसरं काही लावायची पाळी आली होती, त्यातले बरेच वाचले ते या गोड गुलाबी वाईनला द्राक्षं लागत होती म्हणून. आज त्याच जुन्या वेलांची रेड घेऊन मंडळी मिटक्या मारतात आणि गुलाबीला नावं ठेवतात. बरं, ज्याला अमेरिकेचं खास आपलं द्राक्ष म्हणून मिरवायचे ते निघालं क्रोएशियाचं! कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या कॅरोल मेरेडिथ आणि क्रोएशियाच्या संशोधकांनी शोधाशोध केली आणि २००१ मध्ये स्प्लिटजवळच्या काश्तेलामधल्या एका वेलाचा डीएनए जुळला. तिथलं नाव त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की. मला तर न पिताही ते धड म्हणता येत नाही.

खाण्याबरोबर म्हणाल तर तिखटाला हिच्यासारखी दुसरी नाही. जास्त अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं, तुरट रेडने तर विचारूच नका, पण हिच्यात अल्कोहोल बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आसपास, तुरटपणा नावाला आणि गोडी जिभेला शांत करणारी. थाई ग्रीन करी किंवा आंबटगोड सॉसमधलं चिकन घ्या. केकबरोबर मात्र नको, केकच्या गोडीपुढे ती आंबट आणि पाणचट लागते. आणि चांगली गार हवी, ग्लासावर बाहेरून दव धरेल इतकी, कोमट झाली की तळाचे दोन घोट खोकल्याच्या औषधासारखे लागतात.

मित्र अजूनही हिला वाईन मानत नाही. फक्त ग्रीन करीचे चार घास झाले, कपाळावर घाम आला, की त्याची रेड तशीच टेबलावर राहते आणि हात गुपचूप माझ्या ग्लासकडे येतो.