वळसंग मागे पडलं की काटा चढायचा

नोकरीमुळे मी रोज सोलापूरहून अक्कलकोटला ये-जा करते. गाडी तेरा वर्षांची, पेट्रोलची, आणि माझी फार लाडकी. यंदा एप्रिल संपता संपता तिचा टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. वाटेतल्या कुंभारीपर्यंत सगळं ठीक. पुढचं वळसंग मागे पडलं की काटा निम्म्याच्या वर, आणि एसी लावलेला असेल तर थेट लाल रेघेला.

पहिल्यांदा झालं तेव्हा गाडी लिंबाच्या सावलीत घेतली, इंजिन बंद केलं आणि अर्धा-पाऊण तास बसून राहिले. बॉनेट उघडलं, पण इंजिनचं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. माझ्या वडिलांच्या मनगटावर भाजल्याचा मोठा डाग होता, जीपच्या गरम रेडिएटरचं झाकण उघडल्याचा. लहानपणापासून तो पाहिल्यामुळे ही गोष्ट मला कुणी वेगळी शिकवावी लागली नाही.

ज्या गॅरेजमध्ये आधी गेले तिथे पाच मिनिटांत निकाल लागला: फॅनची मोटर गेली. बदलली, 3800 रुपये दिले. दुसऱ्या दिवशी वळसंगच्या पुढे तोच काटा, तीच लाल रेघ. मला खरंच रडू आलं. पैशांपेक्षा याचं वाईट वाटलं की गाडी कधी तापते हे कुणी विचारलंच नाही. फॅनचं काम गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. सत्तरच्या वेगाने पळताना समोरचा वाराच रेडिएटरमधून आरपार जातो, फॅनची फारशी गरजच नसते. फॅन गेला असता तर गाडी सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलला तापली असती, आणि तिथे तर ती शांत उभी राहायची.

मग सहकाऱ्याने अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी स्टूल पुढे केलं.

"कधी तापालीय ते सांगा आधी, अक्का. उभी असताना का पळताना? पाणी कमी होतंय का? किती दिवसाला टाकताव? आणि कुठलं टाकताव?"

आठ-दहा दिवसांनी अर्धा लिटर लागतं, घरचंच टाकते, बोअरचं, असं मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पहिल्यांदा त्यांनी माझ्या मनातली भीती काढली, हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या सीलची. रात्रभर थंड झालेल्या गाडीचं झाकण काढून इंजिन चालू केलं. गॅस्केट उडालं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून बुडबुडे येत राहतात. आले नाहीत. ऑइलची कांडी काढून दाखवली, ऑइल काळंच होतं, दुधाच्या चहासारखं झालेलं नव्हतं. सायलेन्सरमधून पांढरा धूरही नव्हता.

मग गाडी तापवली आणि होज पाइप चाचपले. वरचा चटका देणारा, खालचा जेमतेम कोमट. म्हणजे गरम पाणी वरून येतंय, पण पुरेसं फिरत नाही. एक तर थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याला वाट देणारी झडप, उघडत नाही, नाही तर रेडिएटर चोक आहे, नाही तर वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, पाणी ढकलत नाही. थर्मोस्टॅट काढणं सोपं, म्हणून तो आधी. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, घरी पाण्यात उकळून बघा.

तो प्रयोग मी त्याच संध्याकाळी गॅसवर केला. पितळी रंगाची वाटीएवढी वस्तू, कडेवर 82 असा आकडा ठोकलेला, म्हणजे 82 अंशांच्या आसपास उघडायला लागणारा. दोऱ्याने बांधून पातेल्यात लोंबकळत सोडला, तळाला टेकू दिला नाही. शेजारी लेकीच्या शाळेच्या प्रयोगातला 110 अंशांचा थर्मामीटर. 70 ला काही नाही. 78 ला काही नाही. 83 ला झाकणाची कड अगदी केसाएवढी उचलली गेली, आणि 95 ला करंगळीच्या नखाएवढी फट पडली. आत मेण असतं, ते वितळून फुगतं आणि दांडी ढकलतं. आम्ही दोघी पातेल्यावर वाकून ते बघत होतो. गार झाल्यावर तो आपोआप मिटला. थर्मोस्टॅट निर्दोष!

दुसऱ्या दिवशी तापलेली गाडी बंद करून, फॅनची वायर काढून, मिस्त्रींनी रेडिएटरच्या जाळीवरून हाताचा मागचा भाग हळूहळू फिरवला. मलाही फिरवायला लावला. वरचा पट्टा तापलेला, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात वहीच्या पानाएवढा भाग जवळजवळ गार. त्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

सोलापुरात ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांना हीटरच्या रॉडवर साचणारा पांढरा थर माहीत आहे. पाणी तापलं की क्षार बाहेर पडतो आणि चिकटून बसतो. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांची आतली फट मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. दोन उन्हाळे मी त्यात तेच पाणी ओतत होते. गावात थोडं थोडं पाणी फिरलं तरी भागायचं. 43 अंशांच्या दुपारी, एसी लावून, सत्तरने पळताना भागत नव्हतं.

पण पाणी मुळात कमी का होत होतं? गळती कुठेच नव्हती. मिस्त्रींनी झाकण उलटं करून दाखवलं: रबर कडक होऊन चिरलेलं. त्यावर 0.9 लिहिलेलं असतं, तो दाब. कुकरसारखंच आहे हे. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. दाब धरला नाही की ते 100 लाच उकळून बाहेर पडतं. झाकणाने दाब सोडला, कूलंट (रेडिएटरमध्ये पाण्यात मिसळून भरायचं द्रव) गेलं, मी बोअरचं पाणी भरलं, नळ्या बुजल्या. दीडशे रुपयांच्या रबरापासून सुरुवात झाली होती.

रेडिएटर ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या. जुन्या पितळी रेडिएटरसारखा उघडून सळई घालून साफ करता येत नाही, नवाच घ्यावा लागला. मिस्त्रींनी जुन्याचा कोपरा हॅकसॉने कापून दाखवला. बुजलेल्या नळ्यांची तोंडं खडूने भरल्यासारखी होती. नख लावलं तर नखच झिजलं.

नवा रेडिएटर, नवं झाकण, आतलं पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश, मग निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल वॉटर. भरताना गाडीचं तोंड उतारावर वरच्या बाजूला ठेवलं, हीटर फुल गरमवर, झाकण उघडं, हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत. हवा अडकली तर नव्या रेडिएटरसकट गाडी पुन्हा तापते.

कूलंटच्या टाकीवर मी मार्करने रेघ मारली आहे. रोज सकाळी गाडी थंड असताना बघते. सतरा दिवस झाले, पातळी रेघेवरच आहे. काल दुपारी दीड वाजता एसी लावून वळसंग ओलांडलं, तेव्हा काटा निम्म्यावर होता.