सिम्युलेटर नोंद: मे महिन्यातली दुपार, चिकलठाणा आणि सेसना १७२

या टप्प्यात एकच गोष्ट घोटायची होती: ४२ अंशांत, चार माणसं बसवून, छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून सेसना १७२एस हे एका इंजिनाचं छोटं विमान वर न्यायचं. टेकऑफ बसला आहे, चढाई बरीचशी बसली आहे. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच उचलणं, अजून नाही.

आधी गणित. विमानतळाची उंची १,९११ फूट. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीच्या हिशेबाने हवेचा दाब, १००४ हेक्टोपास्कल धरला. १०१३ या प्रमाण दाबापेक्षा ९ ने कमी, दर हेक्टोपास्कलला ३० फूट, म्हणून प्रेशर अल्टिट्यूड (दाबाच्या हिशेबाने उंची) सुमारे २,१८० फूट. त्या उंचीचं प्रमाण तापमान १०.६ अंश, बाहेर ४२, फरक ३१.४. दर अंशाला १२० फूट धरले की आणखी ३,७७०. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणाच्या हिशेबाने उंची, झाली ५,९५० फूट. चाकं चिकलठाण्यात, पण प्रमाण हवेच्या हिशेबाने इंजिनाला मिळते ती हवा कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ. पहाटे २६ अंशांत हाच आकडा ४,०३० येतो.

एक खाचखळगा: काही सिम्युलेटर तापमान समुद्रसपाटीचं मागतात. तिथे ४२ टाकलं तर धावपट्टीवर ३८ च मिळतं. इंजिन सुरू करण्याआधी विमानातल्या बाहेरच्या तापमापकाशी ताळा घ्या, कमी दिसलं तर चार अंश वाढवा.

वजनाची मर्यादा १,१५७ किलो. पंचाहत्तर किलोचे चौघे म्हणजे ३०० किलो आणि भरलेल्या टाक्या (२०१ लिटर) म्हणजे जवळपास १४५. विमानाचं स्वतःचं वजन धरलं की दोन्ही एकदम त्या मर्यादेत मावत नाहीत. इंधनच कमी करायचं.

आता मुख्य मुद्दा. धावपट्टी ०९/२७ नऊ हजार फुटांहून लांब आहे. समुद्रसपाटीवर ५० फूट उंची गाठायला १,६३० फूट लागतात. डेन्सिटी अल्टिट्यूडच्या दर हजार फुटांना दहा टक्के वाढवले तरी २,६०० च्या आतबाहेर. धावपट्टी भरपूर पुरते, पुरत नाही ती चढाई. समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट, सर्व्हिस सीलिंगला (चढाई जवळपास संपते ती उंची, १४,००० फूट) १००. मध्ये सरळ रेषा ओढली तर पहाटे ५५० आणि दुपारी ४६० उरतात. नांगरलेल्या काळ्या रानावर तापलेली हवा वर जाते आणि शेजारी खाली बसते. त्या खालच्या प्रवाहात ३०० फूट गेले की हाती राहतात १६०.

बहुतेकांचं चुकतं ते मिक्स्चरमध्ये, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणात. सवयीने लाल नॉब पूर्ण आत ठेवला तर विरळ हवेला पेट्रोल जास्त होतं आणि आरपीएम पडतो. ब्रेक दाबून, थ्रॉटल पूर्ण देऊन, नॉब हळूहळू बाहेर घ्या. आरपीएम वाढत जाऊन घसरायला लागला की शिखर कळलं; तिथून थोडा परत आत, इंजिन थंड राहावं म्हणून. एवढं करूनही १८० अश्वशक्तीतली १५० च्या आसपासच उरते.

दुसरी चूक नाक उचलण्याची. हिवाळ्यातला कोन डोळ्यांत बसलेला असतो. ५५ नॉटला तेवढंच उचललं की विमान ग्राउंड इफेक्टमध्ये (जमिनीलगत पंखांना मिळणाऱ्या जादा आधारावर) तरंगतं, वेगाचा काटा साठीवर अडकतो आणि स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याच्या इशाऱ्याचा, भोंगा वाजतो. मग घाईने फ्लॅप्स (उचल वाढवणाऱ्या पंखांच्या झडपा) मिटले की आणखी खाली बसतं. चाकं सुटली की नाक जवळपास सपाट ठेवून वेग साठवा, मगच ७३-७४ नॉटची चढाई. फ्लॅप्स ६० नॉट ओलांडल्यावरच मिटायचे. वळण उथळ ठेवा, पंधरा अंशांपर्यंत. पुढे दिशेसाठी दक्षिणेचा नाथसागर सर्वांत सोपी खूण.

उरला फ्लेअर. काट्यावर ६५ नॉट असले तरी खरा वेग ७१ आहे, म्हणून जमीन नेहमीपेक्षा वेगाने सरकताना दिसते. डोळा फसतो, हात थ्रॉटल ओढतो, काटा ५८ वर येतो आणि विमान उंबरठ्याआधीच, म्हणजे धावपट्टी सुरू होण्याआधीच, बसायला लागतं. उपाय एकच सापडला: उंबरठ्यापर्यंत फक्त काट्यावर विश्वास, त्यानंतर नजर धावपट्टीच्या टोकाला. तरीही तरंगणं लांबतं. पुढचा सराव याच वजनाने, याच तापमानात, ०९ वर.