जुनी मढी आणि नव्या खुर्च्या

२००८ च्या अखेरीस ओबामांच्या येऊ घातलेल्या सरकारात मोठं पद हवं असणाऱ्यांना सात पानांची एक प्रश्नावली भरून द्यावी लागे. एकूण प्रश्न ६३. आजवरचे लेख, भाषणं, इंटरनेटवर घेतलेली टोपणनावं, सगळं मागितलं होतं. शिवाय उघड झाला तर स्वतःला, घरच्यांना किंवा नव्या अध्यक्षांना मान खाली घालावी लागेल असा एखादा ईमेल वा मेसेज कधी पाठवला होता का, हेही विचारलं होतं. विशीत मित्रांसमोर अक्कल पाजळलेल्या माणसाने या रकान्यात काय लिहावं? स्मरणशक्ती नेमकी इथेच दगा देते.

जुनी मढी उकरणं पूर्वी कष्टाचं काम होतं. जानेवारी १९७० मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी न्यायाधीश हॅरल्ड कार्सवेल यांना सर्वोच्च न्यायालयासाठी निवडलं आणि काही दिवसांतच एका टीव्ही वार्ताहराने त्यांचं १९४८ चं भाषण शोधून काढलं. जॉर्जियाच्या विधिमंडळाची निवडणूक, उमेदवार २८ वर्षांचा. गोऱ्यांच्या वर्चस्वावर आपली अढळ निष्ठा आहे आणि आपण कायम तिलाच धरून वागू, असं जाहीर वचन त्यात होतं. छापलं होतं अर्विंटनच्या एका छोट्या वर्तमानपत्राने, आणि त्याचे संपादक तेव्हा खुद्द कार्सवेल!

त्यांनी ते शब्द आणि तो विचार दोन्ही किळसवाणे म्हणून लगेच झिडकारले. माफीनामा म्हणून यात खोट काढायला जागा नव्हती. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ छापाची मखलाशी नव्हती. पण मग लोकांनी मधली वर्षं चाळली. १९५६ मध्ये टॅलाहासीचं नगरपालिकेचं गोल्फ मैदान एका खासगी क्लबकडे गेलं होतं. काळ्या लोकांना आत घ्यावं लागू नये म्हणून लढवलेली ही शक्कल होती, असा आक्षेप होता. क्लबच्या स्थापनेच्या कागदांवर कार्सवेल यांचं नाव होतं, आणि त्या वेळी ते केंद्र सरकारचे वकील होते. २८ व्या वर्षीचं भाषण पोरकटपणात खपलं असतं. ३६ व्या वर्षीची सही कशी खपावी? त्यात न्यायाधीश म्हणून ते सुमार आहेत अशीही ओरड होती. त्यावर सिनेटर रोमन ह्रुस्का त्यांच्या बचावाला उभे राहिले आणि म्हणाले, सुमार माणसांनाही थोडं प्रतिनिधित्व मिळायला हवं. असा वकील भेटल्यावर विरोधकांना फारसं काम उरत नाही. ८ एप्रिलला सिनेटने ५१ विरुद्ध ४५ मतांनी नेमणूक फेटाळली.

ह्यूगो ब्लॅक यांचा कागद याहून काळा होता. १९२३ मध्ये ते कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी दहशत माजवणाऱ्या संघटनेचे सभासद झाले, १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९३७ मध्ये अध्यक्ष रुझवेल्ट यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात बसवलं आणि सिनेटची मंजुरी मिळून गेल्यावर एका वर्तमानपत्राने सभासदत्वाचे पुरावे छापले. ब्लॅक रेडिओवर बोलले, सभासद होतो आणि सोडलं एवढं कबूल केलं, फारसा पश्चात्ताप काही दाखवला नाही. पुढे १९४० मध्ये फ्लोरिडातल्या चार काळ्या आरोपींचे दमदाटीने घेतलेले कबुलीजबाब रद्द करणारा निकाल त्यांनीच लिहिला. शाळांमधला वर्णभेद संपवणाऱ्या १९५४ च्या एकमुखी निकालातही ते होते. म्हणजे माणूस धुऊन निघाला? तर १९४४ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना घरादारातून हलवणं योग्य ठरवणारा निकालही त्यांचाच.

आता तळघरातली रद्दी उपसायला नको. खात्याचं नाव, दोन तारखा आणि चार-पाच अपशब्द शोधात टाकले की दहा वर्षांपूर्वीची मुक्ताफळं पडद्यावर येतात. मात्र नुसत्या स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवू नये, तो दोन मिनिटांत बनवता येतो. मूळ दुवा, साठवलेली प्रत, तारीख आणि आधीचं-नंतरचं संभाषण पाहावं. बऱ्याचदा ते वाक्य दुसऱ्या कुणाचं असतं किंवा टोमणा असतो. आणि उमेदवाराने घाईघाईने पुसापुशी करू नये. २०२० मध्ये बायडेन यांनी अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदासाठी निवडलेल्या नीरा टंडन यांनी हजारावर ट्वीट काढून टाकली, तर ती काढल्याचीच बातमी झाली.

निवाडा नेहमी तत्त्वावर होतो असंही नाही. ट्रम्प यांनी केंद्रीय अपील न्यायालयांसाठी निवडलेले रायन बाउंड्स आणि निओमी राव, दोघांचंही विद्यार्थिदशेतलं १९९० च्या दशकातलं लेखन न्यायाधीशपदाच्या आड आलं. जुलै २०१८ मध्ये सिनेटर मॅककेन आजारी असल्यामुळे सिनेटमध्ये ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाकडे ५० मतं होती, डेमोक्रॅट गटाकडे ४९. बाउंड्स यांच्या वंशाविषयीच्या लेखांवरून रिपब्लिकनांचेच काळे सिनेटर टिम स्कॉट अडून बसले आणि बाउंड्स यांचं नाव मतदानाच्या तोंडावर मागे घेतलं गेलं. पारशी आईबापांची मुलगी असलेल्या राव यांच्या वेळी, मार्च २०१९ मध्ये, पक्षाकडे ५३ मतं होती. त्यांनी बलात्कारपीडितांविषयीच्या लेखांबद्दल पत्र लिहून खेद व्यक्त केला आणि त्या ५३ विरुद्ध ४६ अशा पार पडल्या. खेदाचं वजन किती आणि तीन जादा मतांचं किती, ज्याने त्याने ठरवावं.

पोरवयाची सबबही सोयीप्रमाणे ताणली जाते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मस्क यांच्या सरकारी खर्चकपातीच्या पथकातल्या २५ वर्षांच्या अभियंत्याने भारतीयांचा द्वेष ही सर्वसामान्य गोष्ट करून टाका अशा अर्थाचं लिहिल्याचं उघड झालं, तेव्हा एवढ्यासाठी पोराचं आयुष्य का बिघडवायचं, असा सूर उपाध्यक्ष व्हान्स यांनी लावला. ते लिखाण जेमतेम काही महिन्यांपूर्वीचं होतं. राजीनामा दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी मस्क यांनी त्याला परत घेत असल्याचं जाहीर केलं.

याच्या उलट टोकाला इंग्लंडमधला केंट परगणा. २०१३ मध्ये तिथल्या पोलीस आयुक्त अ‍ॅन बार्न्स यांनी तरुणांचा आवाज पोलिसांपर्यंत पोचवायला १७ वर्षांची एक मुलगी नेमली, पगार वर्षाला १५,००० पौंड. लगोलग तिची १४ ते १६ वयातली घाणेरडी ट्वीट छापून आली आणि तिने पद सोडलं. पार्श्वभूमीची तपासणी झाली होती, समाजमाध्यमं तेवढी पाहिली नव्हती. पोलीस चौकशीतून पुढे काही निघालं नाही. कार्सवेल यांची मधली वर्षं चाळली तशी हिचीही चाळायची म्हटली, तर चाळायला मधे वर्षंच नव्हती.