मंगळवारी पाच वाजता

शुक्रवार, रात्री साडेदहा

मी आमच्या चर्चच्या वॉर्डाचा, म्हणजे इथल्या स्थानिक मंडळीचा, मिशन लीडर. उद्या चार नव्या वॉर्ड मिशनरींना शिकवायचं आहे आणि वही अजून कोरी आहे.

चौघांना बिशपांनी, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखांनी, गेल्या महिन्यात हे कॉलिंग, म्हणजे सेवेची जबाबदारी, दिली. एक बँकेत कॅशियर, एक नर्स, एक कॉलेजातली मुलगी आणि एक रेल्वेतून निवृत्त झालेले काका. कुणाच्या खिशावर पूर्णवेळ मिशनरींसारखी नावाची काळी पाटी नाही, कुणी घर सोडून निघालेलं नाही. ड्यूटी, स्वयंपाक, परीक्षा सांभाळून उरलेल्या वेळात हे काम करायचं. पूर्णवेळ मिशनवर असलेले एल्डर आणि सिस्टर आज इथे असतात, उद्या बदली होऊन दुसऱ्या गावी जातात. ही चौघं हैदराबादेतच राहणार. म्हणून त्यांचं शिक्षण मला फार जबाबदारीचं वाटतं.

लोक आम्हाला मॉर्मन म्हणतात. चर्चचं पूर्ण नाव द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स, आणि 2018 पासून तेच वापरा असं चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष नेल्सन यांनी आग्रहानं सांगितलं. पण शेजारीपाजारी जुनंच नाव चालतं, आणि मी कुणाला दुरुस्त करत बसत नाही.

मिशनरींसाठीच्या ‘प्रीच माय गॉस्पेल’ या चर्चच्या मार्गदर्शक पुस्तकाची 2023 ची आवृत्ती समोर आहे. माणसं शोधण्यावर त्यात अख्खं प्रकरण आहे. वाचताना मनात मात्र धर्मराजू दांपत्यच येत होतं. एडविन आणि एल्सी यांनी सामोआत बाप्तिस्मा घेतला आणि 1978 च्या डिसेंबरात ते छोट्या मिशनवर हैदराबादला आले. कुणा अनोळखी माणसाचं दार त्यांनी वाजवलं नाही. आपल्याच नातेवाइकांच्या घरी उतरले, जेवले, बोलले. त्यांतल्या वीसेक जणांनी बाप्तिस्मा घेतला. या शहरातलं आमचं काम असं एका कुटुंबाच्या ओसरीवर सुरू झालं, आणि 2012 मध्ये भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक वॉर्डांचा मिळून विभाग, इथेच झाला.

दुसरी आठवण पुण्याची. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी 1852 मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे पुण्याला गेला. मोजक्या लोकांची शाखाही उभी राहिली. ते दशक संपायच्या आत सगळं विरून गेलं. माझ्या भाषेच्या मुलखात एवढ्या जुन्या काळी हे काम झालं होतं, हे मला बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. त्या शाखेतल्या माणसांचं पुढे काय झालं असेल, मिशनरी निघून गेल्यावर रविवारी ती कुठे बसली असतील, हा विचार मला सोडत नाही.

शनिवार, रात्री

शिकवून झालं. दीड तासाचं ठरवलं होतं, तीन तास गेले.

सुरुवातीला प्रत्येकाला कोरा कागद दिला. गेल्या आठवड्यात ज्यांच्याबरोबर तुम्ही जेवलात त्यांची नावं लिहा म्हटलं. आमंत्रण द्यायला नाही, फक्त लिहा. नर्सताईंनी अकरा नावं लिहिली, काकांनी दोन, त्यातली एक बायको. काका कागदाकडे बघत म्हणाले, “मला माणसं शोधायची आधी माझ्यासाठीच लागतील, भाऊ.” मी म्हटलं, तिथूनच सुरू करा. संध्याकाळी पार्कात एकाच बाकावर बसत जा.

मग नियम सांगितले, आवाज थोडा चढवूनच. पैसा, नोकरी, पोरांची फी, यांतला एकही शब्द बोलण्यात येता कामा नये. लग्न झालेल्या माणसाला जोडीदाराच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा नाही, अल्पवयीनाला आईवडिलांच्या संमतीशिवाय नाही. घरच्यांना चोरून कुणाला चर्चला आणायचं नाही. आणि नको म्हणाला तर तो आपला मित्र राहतो, यादीतून नाव खोडलं तरी मैत्री खोडायची नाही.

यानंतर मी त्यांना आमच्या वॉर्डातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तीन महिन्यांत तो यायचा बंद झाला. तेव्हाही वॉर्ड मिशन लीडर मीच होतो. पुढे एकदा तो मला काचीगुड्यात भेटला. राग नव्हता त्याला. म्हणाला, “तुमचा फोन दर शनिवारी रात्री यायचा. उद्या येताय ना? एवढंच. बाकी सहा दिवस मी काय करतो ते कुणी विचारलं नाही.” चर्चच्या नियमाप्रमाणे त्यानं चहा सोडला होता. त्याचे सगळे दोस्त रोज संध्याकाळी इराणी हॉटेलात बसत. महिनाभर तो नुसता समोर उस्मानिया बिस्किट घेऊन बसला, मग जायचा थांबला. चहाबरोबर त्याची संध्याकाळच गेली, आणि तिच्या जागी आम्ही काही दिलं नाही. हे सांगताना माझा गळा भरून आला.

चहा-कॉफी, दारू, तंबाखू नाही, हे 1833 च्या प्रकटीकरणातून आलेलं. आम्ही ते शिकवतो, मनापासून पाळतो. पण आपल्याकडे चहा म्हणजे घराचा उंबरा. तो नाकारला की माणूस नाकारल्यासारखं होतं. म्हणून चौघांकडून प्रसंग करून घेतला. कॉलेजातली मुलगी मावशी झाली, कॅशियर भाऊ नवा सदस्य. तिनं कप पुढे केला, तो म्हणाला, “आमच्यात चालत नाही.” खोली एकदम गप्प. “आमच्यात” या एका शब्दानं त्यानं मावशीला परकं करून टाकलं होतं. मग नर्सताई उठून त्याच्या जागी बसल्या: “मावशी, चहा सोडलाय मी. पण तुमचा चिवडा आणा, त्याच्यासाठी तर आले.” मुलगी मावशीचं सोंग विसरून हसायला लागली. हे पुस्तकात सापडत नाही.

कठीण प्रश्न काकांनी विचारला. नव्या सदस्याच्या घरी वडील गेले, दहाव्याला त्यानं काय करायचं? माझं मत मी सांगितलं: त्याला काय करायचं ते तो ठरवेल, हवं तर बिशपांशी बोलेल. आपण पहिल्या तासाला तिथे पोचायचं, खुर्च्या लावायच्या, पाणी द्यायचं, रात्री थांबायचं. त्या दिवशी शिकवण द्यायची नाही.

चर्चचे पूर्वीचे अध्यक्ष हिंकली म्हणत की नव्या सदस्याला तीन गोष्टी लागतात: एक मित्र, एक जबाबदारी आणि देवाच्या वचनाचं पोषण. हे मी शेवटी फळ्यावर लिहिलं. खरं म्हणजे आधी लिहायला हवं होतं. आमच्या मॉर्मन ग्रंथातल्या मोरोनायच्या सहाव्या अध्यायातही तेच आहे, सदस्यांची नावं लिहून ठेवली ती आठवण राहावी आणि पोषण व्हावं म्हणून. हजेरी घेण्यासाठी नाही.

रविवार

आमचा शिंपी भाऊ आला होता. बाप्तिस्म्याला आज सात आठवडे झाले. मूळचा देगलूरकडचा, सुलतान बाजाराजवळ छोटं दुकान आहे. सॅक्रमेंट मीटिंग, म्हणजे रविवारची उपासना, इंग्रजी-तेलुगूत चालते, मी त्याच्या शेजारी बसून हळू आवाजात मराठीत सांगत जातो. आज एका बहिणीनं उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष दिली, तीत “स्वर्गीय पिता” एवढे दोनच शब्द मी सांगितले, पुढचं त्याला चेहऱ्यावरून कळलं.

बिशपांनी त्याला बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्यांची जबाबदारी दिली. उसवलेलं शिवायचं, लांबी कमीजास्त करायची, इस्त्री करून ठेवायचं. त्यानं कपाट उघडून एकेक कपडा उजेडात धरला. “ही शिवण कुणी घातली?” असं इतक्या काळजीनं विचारलं की मला फार आनंद झाला. पुढचा जो कुणी पाण्यात उतरेल तो यानं शिवलेल्या कपड्यांत उतरेल.

मंगळवार

पाच वाजता त्याच्या दुकानी गेलो. काही काम नव्हतं, तसं सांगूनच गेलो. मागच्या खोलीत आई असते. मुलाच्या बाप्तिस्म्याला त्या आल्या नाहीत, विरोधही केला नाही. पण चार वाजता माय-लेकरं मिळून चहा घ्यायची, ते बंद झालं, याचं त्यांना फार लागलंय असं तो मला दोनदा म्हणाला होता.

त्यांनी माझ्यासाठी चहा आणला. मी उठून कप हातात घेतला, खाली ठेवला आणि म्हटलं, “आई, मी पण घेत नाही. ताक असेल तर वाटीभर द्या.”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनवर बसलेल्या मुलाकडे.

“तुम्ही मराठीच ना?”

“हो. नांदेडचा.”

“अन् तुम्ही बी घेत नाही?”

“अठरा वर्षं झाली.”

आत गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा ताटात तीन पेले होते, ताकावर जिरं भुरभुरलेलं. तिसरा पेला स्वतःसाठी घेऊन त्या मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या आणि मला विचारू लागल्या, नांदेडात कुठल्या गल्लीत.